प्रीतिभोजनातलं बियाणं

पाऊस पडला नाही त्या साली आमच्या मंडळीनं कापणीचा सण केला. कापणी नव्हती, सण होता. हे वाक्य मी तेव्हा एका पत्रकात घातलं होतं आणि त्यापायी वस्तीतल्या निम्म्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलं. आज पुन्हा घालतो. त्यात खोटं काही नाही.

ज्यांना ही चाल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ख्रिस्ती. नगरहून निघून केडगाव मागं टाकून पुण्याच्या रस्त्यानं थोडं पुढं गेलं आणि आत वळलं की आमचं गाव लागतं. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती आणि वस्तीच्या टोकाला कौलारू देऊळ. चर्चला आमच्यात देऊळच म्हणतात. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला. त्याच्या भावाची पोरं छप्पन साली बौद्ध झाली. दोन्हीकडच्यांनी महारकी सोडली, पण वरच्या आळीतल्या आडावर दोघांचे पोहरे सारखेच अडले. मी कॉलेजात गेल्यावर देव सोडला. आडाचं त्यानंही काही झालं नाही.

तर कापणीचा सण. सुगी झाली की एक रविवार ठरतो. प्रत्येक घर आपल्या रानातलं पहिलं काहीतरी घेऊन येतं. कणसांची पेंढी, भोपळा, शेंगा, कोंबडी. सगळं देवळातल्या पुढच्या मेजापाशी ठेवायचं, उपासना करायची, आभार मानायचे. मग बाहेर लिंबाखाली त्या वस्तूंचा लिलाव होतो आणि आलेला पैसा मंडळीला, म्हणजे देवळाच्या समाजाला, जातो. शेवटी सगळे एका पंगतीला बसतात. त्या जेवणाला प्रीतिभोजन म्हणतात. लहानपणी मला हा सण नाताळापेक्षा आवडायचा, कारण नाताळात कपडे लागत, इथं नुसती भूक पुरत असे.

त्या साली बाजरी पेरलीच गेली नाही. रब्बीही गेली. सगळी वस्ती पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर होती. पुरुष खणत, बाया पाट्या वाहत, दुपारी मुकादम सुकडी वाटे, ती गोड पिवळी भुकटी ओंजळीत घ्यायची आणि तिथंच बसून खायची. घरी रेशनची लाल मिलो, ती परदेशी ज्वारी. तिची भाकरी तव्यावरच तुटायची आणि पोटात गेल्यावर दगड व्हायची.

पण आमच्या घरात एक मडकं होतं. आदल्या सालच्या बाजरीतली निवडक कणसं मळून, राख आणि लिंबाचा पाला घालून, तोंड मातीनं लिंपून आईनं ठेवलेलं बियाणं. पेरणी झाली नाही म्हणून ते राहून गेलं. वडील वारलेले, मी नगरला, दीड एकर कोरडं रान आणि हे मडकं, एवढाच तिचा पुढच्या सालावरचा हक्क. मिलो खाऊन आतडी सोलून निघाली तरी तिनं त्या मडक्याला बोट लावलं नव्हतं. कुणी मागितलं तर म्हणायची, "त्ये मेल्यावर बी खायाचं न्हाई."

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी मी घरी आलो. खांद्यावरच्या पिशवीत पत्रकं होती. नगरला आमचा एक गट होता, दहाबारा जणांचा. देव नाही, धर्म नको, माणूस हेच मोजमाप, असं आम्ही मानत होतो. मी अजूनही मानतो. गटाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. पत्रकाचा मजकूर माझा होता: 'कापणी नाही, सण आहे. आभार कशाचे? पाऊस नाही त्याचे? भाकरी श्रमातून येते, आभाळातून नाही. आभार मानायचेच तर माणसाचे माना.' ही पत्रकं घेऊन मी वस्तीत शिरलो तर आई ओट्यावर सूप घेऊन बसलेली. मडक्याचं लिंपण फोडलेलं.

"ह्ये काय चाललंय?"

"दिसंना व्हय? राख पाखडते."

"आन् ती का? पेरनीला अजून लई अवकाश हाय."

"उद्या सण हाय न्हवं."

मी पिशवी खाली ठेवली. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"आये, ह्ये बियानं हाय."

"मला शिकवतो? ठिवलं कुनी?"

"मग? मेजावर ठिवनार? पाऊस आल्यावर काय पेरनार, राख?"

"त्यो दील." तिनं वर पाहिलंही नाही, सूप झटकत राहिली. "रानात काय न्हाई, घरात ह्येच हाय. रिकाम्या हातानं कशी जाऊ?"

"सगळे रिकाम्याच हातानं येनारेत. देवाला दुष्काळ ठाऊक न्हाई का?"

"सगळ्यांचं सगळ्यांपाशी."

"अर्धं दे मग."

आता तिनं सूप खाली ठेवलं. "अर्धं? मुकादमावानी मापून? ऐक, लेका. वरीसभर मी घेतेच हाय. मुकादमाच्या हातनं सुकडी घेते. रेशनवाल्याच्या हातनं मिलो घेते. टँकर आला की त्या डायवरला दादा-बाबा करून पानी घेते. हात पसरून पसरून तळवा सपाट झाला माझा. एक दिस तरी माझा हात वर ऱ्हाऊ दे की."

मी पत्रक काढून तिला वाचून दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं, पण ऐकायची ती मन लावून. 'आभार मानायचेच तर माणसाचे माना' इथं ती हसली.

"मानसाचं आभार मानलं की मानूस डोक्यावर बसतो. देवाचं मानलं की कुनाचं मिंधं ऱ्हावं लागत न्हाई. तुमच्यात एवढं शिकलेलं, कुनाला ह्ये सुचलं न्हाई का?"

"देवाच्या नावानं घेनारी मानसंच असत्यात, आये. देव काय येऊन टोपली उचलत न्हाई."

"त्ये त्यांचं त्यांच्यापाशी."

यापुढं वाद नाही. आमच्या घरात वाद इथंच संपायचा.

रविवारी मी देवळाच्या फाटकाशी उभा राहिलो. पत्रकं वाटली. आत गेलो नाही. पहिला आला तो वस्तीतला सगळ्यात म्हातारा.

"सलाम, बाबा. काय लिवलंय?"

"सलाम, आजोबा. ह्यात विचारलंय, पीक न्हाई तर आभार कशाचे?"

"जित्ता हाय त्याचं."

"आन् तुमचा बैल मेला त्याचं?"

"त्याचं तुज्या वकिलाकडं मागीन. दे आनखी दोन. कागुद पातळ हाय, तमाखू बांधाया बरा."

बाया हसल्या. मीही हसलो असतो, पण मागून आई टोपली डोक्यावर घेऊन येत होती. टोपलीवर धुवट लुगड्याचा तुकडा झाकलेला. ती माझ्याकडं न बघता आत गेली, आणि ताठ चालत गेली. पाटी वाहून वाकलेली बाई त्या दिवशी ताठ चालत होती, हे मी पाहिलं आणि मला राग आला. कशाचा, ते आता सांगता येतं: तिला ताठ व्हायला पुढचं साल द्यावं लागलं, त्याचा. तेव्हा नुसता राग होता.

खिडकीतून सगळं दिसत होतं. लोकांनी आणलेलं पाहून देव असता तर त्याला लाज वाटली असती. कुणी दोन अंडी. कुणी सुकडीचा वळलेला लाडू. एकीनं पितळेच्या तांब्यात टँकरचं पाणी आणलं होतं. एकानं टोपलीभर खडी आणली, कामावर स्वतः फोडलेली. ती ठेवायची कुठं हे कुणाला कळेना, शेवटी मेजाच्या पायाशी ठेवली. आणि मधोमध बाजरी. त्या पडलेल्या सामानात ती इतकी उजळ दिसत होती की पोरं टक लावून बघत होती.

पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वाईट माणूस नव्हते. चार गावं सायकलवर फिरायचे, आमच्यासारखीच मिलो खायचे. पण व्यासपीठ म्हणजे व्यासपीठ. त्यांनी बोट केलं आईकडं. आपल्याजवळचं होतं नव्हतं ते टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, ती विधवा आज आपल्यात बसली आहे. आईनं पदर डोळ्यांवर ओढला. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. पेरणीला काय करणार, हे मात्र त्या अख्ख्या देवळात कुणी विचारलं नाही. गोष्टीतल्या विधवेलाही कुणी विचारलेलं नव्हतं.

मग लिंबाखाली लिलाव. लिलाव करणारा पोऱ्या मोठा बोलका.

"टँकरचं पानी! खास पंचायतीचं! दोन शिव्या खाऊन मिळालेलं! बोला!"

"त्यात बेडूक हाय का बघ," कुणी म्हणालं.

"बेडूक असता तर कालवनात घातला असता!"

खडीची टोपली आली तेव्हा तर लोक लोळायचे बाकी होते. मग त्यानं बाजरी उचलली आणि मूठ नाकाशी नेली. धान्याला राखेचा वास होता. शेतकऱ्याच्या जातीला तो वास सांगावा लागत नाही. आमच्या शेजारणीनं तोंडावर हात ठेवला. "आगं बया, ह्ये तर बी हाय."

आता आमच्यात एक जुनी रीत आहे. कुणी नडलेल्या माणसानं जड वस्तू आणली तर कुणीतरी ती लिलावात घेतो आणि गुपचूप त्याच्याच टोपलीत परत टाकतो. देवाला दिलं तेही खरं, घरी राहिलं तेही खरं. वडील असताना आमचा बोकड असा परत आला होता. मी फाटक सोडून आत आलो. मला वाटलं आता तसंच होणार. हे मी कबूल करतो: देवावर नव्हता, पण त्या रीतीवर माझा विश्वास होता.

बाजरीवर बोली लावण्याएवढं कुणाजवळ काही नव्हतं. ज्याच्याजवळ होतं तो एकच माणूस होता, मंडळीचा थोरला पंच. श्रीरामपूरकडं साखर कारखान्यात नोकरीला, पगार चालू, सणाला गावी आलेला. त्यानं बोली लावली. पंचाच्या वर कोण जाणार? बाजरी त्याला सुटली. त्यानं टोपलीत हात घातला, दाणे वर उडवले आणि हसून म्हणाला,

"ही आपल्याकडून प्रीतिभोजनाला! आज मिलो नको. आज मंडळीनं खरी भाकर खायची!"

टाळ्या पडल्या. कशा नाही पडणार? महिनोन्‌महिने लाल मिलो खाल्लेली माणसं ती. पोरं तर नाचायलाच लागली. मी आईकडं पाहिलं. ती उठली होती. मला वाटलं, आता बोलेल. ती टोपलीपाशी गेली, आणि म्हणाली, "राख लई हाय. दोनदा धुवा. द्या, मी धुते."

तिनंच धुतलं. तिनंच दोघीतिघींच्या बरोबर जात्यावर दळलं. ओवी म्हणाली का नाही ते मला ठाऊक नाही. मी तिथं थांबलो नाही. भाकऱ्या झाल्या. पंगत बसली. मी खाल्ली का, असं मला पुढं गटात विचारण्यात आलं. खाल्ली. बियाणं जात्यातून गेल्यावर तत्त्व कशाला राखायचं? थोडी कचकच लागली आणि कुठंतरी लिंबाचा कडूपणा. बाकी भाकरी फार चांगली होती. आमचं पुढचं साल त्या पंगतीनं एका बैठकीत खाल्लं आणि बोटं चाटली.

जेवणं आटोपल्यावर पाळकसाहेब उभे राहिले. "आजच्या भोजनासाठी आपल्या थोरल्या पंचांनी बाजरी दिली. देव त्यांच्या कोठारावर आशीर्वाद देवो."

"आमेन," सगळे म्हणाले. आईसुद्धा म्हणाली.

मी उभा राहिलो. "बाजरी माझ्या आईची हाय!"

"हुती," पंच म्हणाला. "मी लिलावात घेतली. सगळ्यांदेखत."

"बियानं हुतं ते! तुम्हाला दिसलं न्हाई?"

"पत्रकवाल्यांनी बसून घ्यावं. देव नसलेल्यांना बी आमी जेवू घातलंय, आनखी काय पायजे?"

हशा झाला. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण ते पंचाच्या तोंडावर काही बोलले नाहीत. मंडळीला पंच लागतात. आईनं माझा शर्ट धरून खाली ओढलं.

"बस खाली. मी दिली, त्याला ठावं हाय."

"कुनाला?"

"ज्याला दिली त्याला."

आठवडाभरात मी नगरला गटाच्या बैठकीत हे सगळं सांगितलं. बैठक वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात होती. मी तावातावानं बोललो. त्यांचे डोळे चमकले.

"वा! ह्यावर पत्रक काढू. 'अंधश्रद्धेनं खाल्लेलं बियाणं'. आईंचा एखादा फोटो मिळेल?"

"नको साहेब. तिला वेडी ठरवायची नाही."

"अरे, प्रश्न व्यक्तीचा नाही, प्रवृत्तीचा आहे."

आतल्या खोलीत त्यांच्या देव्हाऱ्यात रोज ताजं फूल पडत असे. तो 'घरच्यांचा प्रश्न' होता. माझ्या आईचं मडकं तेवढं प्रवृत्ती.

मी ते गिळलं, कारण मला दुसरं काही हवं होतं. गट पुण्याच्या हितचिंतकांकडून बाजरीचं बियाणं गोळा करत होता, पाऊस आला की छोट्या शेतकऱ्यांना वाटायला. कल्पना सगळ्यांची होती, पायपीट माझीही होती. मी म्हणालो, आमच्या वस्तीचं नाव घाला.

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या वस्तीला अवघड आहे. तुम्हाला मिशन बघतं. परदेशातून येतं सगळं."

"कुठलं मिशन? गोरे साहेब जाऊन किती वर्षं झाली. त्यांच्या बंगल्यात वटवाघळं राहतात."

"तरी लोक म्हणतील, आपण मिशनला मदत केली. आणि खरं सांगू? दिलेलं बियाणं पुन्हा देवळात नेऊन ठेवणार नाहीत, ह्याची हमी काय?"

एकानं यादीतलं पुढचं गाव वाचलं. माणूस हेच मोजमाप! मोजायला घेतलं की आम्ही त्यात बसत नव्हतो. देवळात आम्हाला बसायला जागा होती आणि आमचं बियाणं गेलं. इथं बियाणं होतं आणि जागा नव्हती.

पत्रक निघालं. माझ्या नकारानंतर निघालं. गावातल्या चहाच्या हॉटेलात कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं आणि संध्याकाळपर्यंत वस्तीत पोचलं. मी घरी गेलो तेव्हा आईनं भाकरी वाढता वाढता विचारलं,

"माझ्यावर छापलंय म्हनं. येडी म्हनलंय का?"

"अडाणी म्हणलंय."

"त्ये खरंच हाय." मग म्हणाली, "बाजरी मी दिली म्हनून लिवलंय, का माझी गेली म्हनून?"

"गेली म्हणून."

तिनं तवा उतरवला आणि दुसरी भाकरी थापलीच नाही.

मग पाऊस आला. चांगला आला. आमच्या दोन्ही बाजूंची रानं पेरली गेली. गटानं बियाणं वाटलं ते मंडप घालून. शेतकरी एकेक करून पुढं आले, पिशवी घेतली, वकीलसाहेबांच्या गळ्यात हार घातला, काहीजण पाया पडले. आभार मानायचेच तर माणसाचे माना. वाक्य माझं होतं. मी मंडपाच्या मागं उभा होतो आणि ते माझ्याच कानात वाजत होतं. त्या दिवसानंतर मी गटात गेलो नाही. विचार सोडला नाही, गट सोडला. लोक ह्या दोन गोष्टी एकच समजतात, म्हणून सांगितलं.

पाळकसाहेब सायकलवरून आले. आमच्या उघड्या रानाच्या कडेला उभे राहिले, टोपी काढली आणि प्रार्थना केली. मी विचारलं, "साहेब, लिलावाचं जमलेलं कुठं गेलं? त्यातून मूठभर बी येत नाही का?" ते म्हणाले, पंचांनी ते देवळाच्या कुंपणाच्या भिंतीला लावायचं ठरवलंय. मान खाली घालून म्हणाले, एवढं खरं. आईनं त्यांना गूळपाणी दिलं.

शेवटी तिनं रान अर्धेलीनं दिलं. वरच्या आळीतल्या एका शेतकऱ्याला. बी त्याचं, बैल त्याचे, मेहनत आमची, पिकात निम्मा वाटा त्याचा. बाजरी गुडघ्याएवढी झाली तेव्हा मी घरी होतो. आई खुरपत होती, मीही बसलो तिच्याबरोबर. शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला.

"मावशे, तिकडं राहिलंय बघ. नीट हात चालीव. तुजंच रान हाय, परक्यावानी नगं करू."

"व्हय दादा," ती म्हणाली. त्याचे आभारही मानले, बी दिल्याबद्दल. तो गेल्यावर हात पुसून म्हणाली, "वाटा पदरात पडला की आधी मडकं भरीन."

"आणि सणाला?" मी विचारलं. मला वाटलं, आता भांडण होणार. मी तयार होतो, सगळी वाक्यं तयार होती.

तिनं खुरप्याची माती झटकली.

"बघू," म्हणाली.

देवाच्या बाबतीत माझ्या आईनं 'बघू' म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. माझ्या पत्रकांना जे जमलं नाही ते झालं होतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि माझं खुरपं उचललं. ती पाठ वाकवून पुढच्या ओळीत सरकली.